न तपासता नापास

आमच्या चाकणच्या कंपनीत काका कोणालाच नावाने हाक मारायचे नाहीत. रक्तगटाने मारायचे. "ए ओ-पॉझिटिव्ह, तो ट्रे इकडं आण." "एबी कुठं गेला? परत चहाला?" प्लांट हेडसुद्धा त्यांच्या तोंडी 'ए-पॉझिटिव्ह साहेब' होता. नवा माणूस रुजू झाला की लोक आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि आडनावावरून जे काढायचं ते काढतात. काका रक्तगट विचारायचे. ज्याला तो सांगता येत नसे त्याच्याकडे ते असे बघायचे, की त्या बिचाऱ्याने संध्याकाळच्या आत तपासणी करून यायचीच. मी एचआरमध्ये. मी 'बी-पॉझिटिव्ह' होतो. "तू आमच्यातलाच हायेस, फकस्त चिन्ह चुकलं," असं म्हणून ते हसायचे, कारण ते स्वतः बी-निगेटिव्ह.

त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणजे मजेशीर लिहावं असं मला वाटत होतं. माणूस तसा होताच. पण लिहायला बसलो की मला राग येतो, आणि त्यातला निम्मा स्वतःचाच येतो. तो लपवून लिहिता येत नाही.

काका चाकणजवळच्याच एका गावातल्या शेतकरी घरातले. आयटीआय करून कंपनीत चिकटले आणि शेवटच्या तपासणीच्या टेबलावर तीस वर्षं काढली. आम्ही ब्रेकचे सुटे भाग बनवतो. काकांनी पास केलेला माल गाडीत चढायचा, नापास केलेल्याला लाल टॅग लागायचा. त्या टॅगवर एक रकाना असतो: दोष काय. आमच्याकडे हा रकाना भरण्याची पद्धत नव्हती. घाईच्या दिवशी कोणीही टॅग अडकवायचं आणि मोकळं व्हायचं. काकांच्या टेबलावर ते चालायचं नाही. "डिफेक्ट न लिवता नापास करायचा तुला काय अधिकार?" असं म्हणून ते टॅग काढून त्या माणसाच्या खिशात घालायचे. एकदा ग्राहक कंपनीतून आलेल्या बड्या माणसाने नुसतं दुरून बघून, अख्खा लॉट बाजूला काढा म्हणून सांगितलं. काका म्हणाले, "काढतो. आधी एका तरी पीसला गेज लावून माप बघा." त्याने लावलं नाही. काकांनी जेवण सोडून एकेक पीस स्वतः तपासला, त्यातले सहा बाजूला काढले, सहावर दोष लिहिला आणि बाकीचे त्याच्यासमोर पास केले.

दुसरी खोड वाचण्याची. समोर आलेला कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सही नाही. गेटपास, रजेचा अर्ज, कँटीनच्या तक्रारवहीतली दुसऱ्याची तक्रार, सगळं. आणि वाचायचं तेही मोठ्याने. काही चुकलं तर व्हाइटनर नाही. एका रेघेने खोडायचं, वर बरोबर ते लिहायचं, बाजूला छोटी सही आणि तारीख. क्वालिटीच्या कागदांचा हा नियमच आहे, पण काका तो किराणा सामानाच्या यादीलासुद्धा लावायचे. मला वाटायचं, हा माणूस घरात कसा सहन होत असेल.

घरात त्यांना सहन करायला एकच माणूस होता. दापोडीत रेल्वेलाइनला लागून असलेल्या गल्लीत काका एका शिंप्याबरोबर राहायचे. त्यांना ते 'मास्तर' म्हणायचे, म्हणून आम्हीही. कंपनीतल्या निम्म्या लोकांच्या पँटी मास्तरांनी आखूड केलेल्या. दोघांचं जेवण मास्तर करायचे, दोघांचे कपडे काका धुवायचे. "दोघंही सडेफटिंग, भाडं वाटून घेतात," असं आम्ही म्हणायचो. म्हणजे माहीत असायचं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि न बोलायचं ते कोणी बोलत नव्हतं. गावाकडच्या भावाने काकांना उत्सवाला बोलावणं कधीच बंद केलं होतं. काका दर वर्षी त्या दिवशी कामावर यायचे आणि डब्यात पुरणपोळी असायची.

तर रक्तदान. दर तीन महिन्यांनी काका रक्त द्यायचे. कुठल्या ना कुठल्या रुग्णालयातून त्यांना फोन यायचा, कारण बी-निगेटिव्ह सहजी मिळत नाही. ते अर्धा दिवस रजा टाकून जायचे आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर सांगायचे, "एक बाई व्हती. बरी हाय." त्या बाईचं नाव त्यांना माहीत नसायचं. कंपनीत वर्धापनदिनाला रक्तदान शिबिर असायचं तेही त्यांनीच सुरू केलेलं. पहिली सुई त्यांना. हा त्यांचा एकुलता एक मान होता आणि तो त्यांनी कधी कोणाला दिला नाही. तेव्हाचा फॉर्म, शिबिरातला काय नि रुग्णालयातला काय, अर्ध्या पानाचा. कावीळ झाली होती का, दारू प्यायलात का, संपलं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही रक्तकेंद्र बदललं. नव्या केंद्राचा फॉर्म पाठपोट होता, प्रश्नच प्रश्न. शिबिराची जबाबदारी माझ्यावर. आता आमची पद्धत सांगतो, ऐकून घ्या. लाइन थांबवायची नसते, त्यामुळे माणसाला शिबिरासाठी मोजून वीस मिनिटं मिळतात. मागच्या वर्षापेक्षा पिशव्या जास्त भरल्या पाहिजेत, कारण डायरेक्टरांचा फोटो त्या आकड्याबरोबर छापून येतो. तेव्हा मी डोकं चालवलं. एक फॉर्म घेतला, सगळ्या प्रश्नांसमोर 'नाही'वर खूण केली आणि त्याच्या झेरॉक्स काढल्या. माणसाने वर नाव लिहायचं, खाली सही करायची, टेबलावर आडवं व्हायचं. माझ्या या कल्पकतेबद्दल साहेबांनी माझी पाठ थोपटली. रक्तकेंद्राच्या लोकांनीही काही विचारलं नाही, त्यांनाही पिशव्या हव्याच होत्या.

काका रांगेत पहिले. मी फॉर्म दिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि वाचायला लागले. मोठ्याने. मागे रांग वाढायला लागली.

"हे कुणी तपासलं?" त्यांनी विचारलं.

"काय काका?"

"ह्या खुणा. उत्तरं माझी, खुणा कुणाच्या?"

"आमच्याच. वेळ वाचतो. तुम्ही फक्त सही करा ना, लाइन थांबलीय."

"थांबू दे," असं म्हणून ते पुढे वाचत राहिले. कावीळ, नाही. मलेरिया, नाही. मग त्या प्रश्नावर आले. पुरुष असून पुरुषाशी शरीरसंबंध ठेवलेत का. तोही त्यांनी मोठ्याने वाचला, त्याच आवाजात. मागून कोणीतरी शीळ घातली. काकांनी माझ्या 'नाही'वर एक रेघ मारली, 'होय'वर खूण केली, बाजूला छोटी सही आणि तारीख घातली आणि कागद डॉक्टरपुढे ठेवला.

डॉक्टर पोरसवदाच होता. त्याचे कान लाल झाले. "काका, चुकून टिक झालीय का?"

"चुकून झालेली ती आधीची. ही तपासून केलेली हाय."

"मग नाही घेता येणार."

"का?"

"नियम आहे. असे डोनर कायमचे बाद असतात."

"तपासणार न्हाई?"

"गरजच नाही तपासायची."

"पिशवी तर प्रत्येकाची तपासता ना? ह्यांची तपासणार, माझी न्हाई?" काका आवाज न चढवता विचारत होते. तपासणीच्या टेबलावर विचारतात तसं. "वीस वर्षं माझ्या घरात एकच माणूस हाय, डॉक्टर. मी दुसरीकडं बघितलं न्हाई, त्यानं न्हाई. आता मला सांगा, ह्या रांगेत असं किती जण सांगत्याल?"

रांगेत कोणी हसलं नाही. गोव्याच्या ट्रिपा करून आलेले आणि कँटीनमध्ये त्याच्या गोष्टी रंगवून सांगणारे सुपरवायझर त्याच रांगेत उभे होते. त्यांच्याही हातात माझे झेरॉक्स होते आणि त्यांच्या वतीने मीच 'नाही' म्हणून ठेवलं होतं.

डॉक्टरने फॉर्मवर लिहिलं: कायमस्वरूपी अपात्र.

काकांनी ते वाचलं. "हा झाला शेरा. डिफेक्ट काय?"

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. आणि मी काय केलं तेही सांगून टाकतो. मी ढिगातला दुसरा झेरॉक्स काढला आणि हळू आवाजात म्हणालो, "काका, हा घ्या. वाचू नका. नुसती सही करा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. "कागद नवा देशील रं," ते म्हणाले. "माणूस तोच हाय की." आणि शर्टाची बाही खाली करून ते आपल्या तपासणीच्या टेबलावर परत गेले. त्या दिवशी पहिली सुई डायरेक्टरांना लागली आणि आकडा मागच्या वर्षापेक्षा वर गेला.

नंतर मी तो नियम शोधून वाचला. खरोखरच आहे. देशाच्या नियमावलीत लिहिलंय. तृतीयपंथी माणसं, पुरुषाशी संबंध असलेले पुरुष, शरीर विकणाऱ्या बायका, सगळ्यांची एकत्र मोट बांधलेली. त्या माणसाने आयुष्यात काय केलं, किती जणांशी केलं, काळजी घेतली की नाही, काही विचारायचं नाही. तो कोण आहे एवढ्यावर घरी पाठवायचं. कोर्टाने अशा प्रेमाला गुन्हा म्हणायचं बंद केलं, त्यालाही वर्षं झाली. याविरुद्धही लोक कोर्टात गेलेत, तारखा पडतायत. दरम्यान कुठलाही लग्न झालेला गडी, मग तो कुठेही शेण खाऊन आलेला असो, सही करतो आणि बिस्किटाचा पुडा घेऊन जातो. याला म्हणे सुरक्षितता म्हणतात! एका धडधडीत खऱ्या माणसाला हाकलायचं आणि खोटं बोलणाऱ्यांना रांगेत पुढे घ्यायचं, आणि वर रक्त स्वच्छ ठेवलं म्हणायचं.

कंपनीत काय झालं असेल ते सांगायला नको, पण सांगतो. कँटीनमध्ये काकांच्या टेबलावरची गर्दी ओसरली. ज्यांच्या मुलींच्या बाळंतपणात काकांचं रक्त चाललं होतं तेही ताट घेऊन लांब बसायला लागले. आठवड्याभरात कोणीतरी त्यांच्या लॉकरला लाल टॅग अडकवला. त्यावर दोषाचा रकाना भरलेला होता. तो शब्द मी इथे लिहिणार नाही.

काकांनी टॅग काढला, वाचला आणि तो हातात घेऊन एकेका मशीनपाशी गेले. "ह्याच्यावर तपासणाऱ्याची सही राहिलीय. कुणाची हाय?" दोन्ही लाइन फिरले. सगळे मान खाली घालून काम करत होते. चाळीस बाप्ये, आणि एकाला सही करायची हिंमत नव्हती. "सही न्हाई, तर मी हे धरत न्हाई," असं म्हणून त्यांनी टॅग फाडून कचऱ्यात टाकला.

पुढच्या महिन्यात त्यांची बदली रेकॉर्ड रूमला झाली. कारण लिहिलं होतं, 'प्रशासकीय सोय'. ते पत्र मी टाइप केलं. त्यांनी ते माझ्यासमोर शेवटपर्यंत वाचलं आणि सही केली. दोष काय म्हणून या वेळी त्यांनी विचारलंसुद्धा नाही. मी त्या दिवशी वाकडला घरी गेलो आणि बायकोवर विनाकारण खेकसलो.

मागच्या वर्षी पावसाळ्यानंतर एका दुपारी काका माझ्या केबिनमध्ये आले. मास्तरांना दुकानातच रक्ताची उलटी झाली होती. पोटातला व्रण फुटला होता. पिंपरीच्या एका खाजगी रुग्णालयात दाखल होते, ऑपरेशन संध्याकाळी. त्यांच्या रक्तकेंद्रात बी-निगेटिव्हची एकच पिशवी होती, आणखी दोन तरी लागणार होत्या.

"मास्तरपण बी-निगेटिव्ह?" मी बावळटासारखं विचारलं.

"मग? भेटलो कसं आमी?" काका म्हणाले. बावीस वर्षांपूर्वी कोणा एका अपघातातल्या माणसासाठी दोघांनाही फोन गेला होता. एका बाकावर दोघं थांबले होते. "त्याचं आधी झालं. तो माझ्यासाठी थांबला," एवढंच ते बोलले.

कंपनीतले बी-निगेटिव्ह काकांना तोंडपाठ होते. एक बाई बाळंतपणाच्या रजेवर होती. एक जण महिन्यापूर्वीच देऊन बसला होता. मी चार रक्तकेंद्रांना फोन केले. एका ठिकाणी एक पिशवी मिळाली. आणखी एक हवी होती. काका समोर उभे होते.

आम्ही माझ्या गाडीने गेलो. रक्तकेंद्राच्या खिडकीत बसलेल्या माणसाने फॉर्म दिला. इथला फॉर्म कोरा होता, कोणी खुणा केल्या नव्हत्या. काकांनी चष्मा घातला. पहिल्यांदाच ते मनात वाचत होते. खुणा करत गेले आणि त्या प्रश्नावर पेन थांबलं.

मला बोलण्याचा अधिकारच उरला नव्हता. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "पेशंट तुमचे कोण?"

"शेजारी," काका म्हणाले.

आणि त्यांनी 'नाही'वर खूण केली.

खिडकीतल्या माणसाने कागदावरून नजर फिरवली आणि, या, म्हणाला. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन सगळं ठीक. पिशवी भरली. नंतर सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या स्वच्छ आल्या. यायच्याच होत्या. खरं बोलला तेव्हा ज्या माणसाचं रक्त घाण होतं, तो खोटं बोलल्याबरोबर त्याचं रक्त औषध झालं. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून हे बघत होतो आणि मला कोणाची तरी गचांडी धरावीशी वाटत होती. धरायला समोर कोणी नव्हतं, फॉर्म तेवढा होता.

बाहेर आल्यावर काका बाकावर बसले. दंडावरचा कापूस दाबून धरला होता. "इतकी वर्षं दिलं," ते म्हणाले. "आज चोरी करून दिलं. माझंच रगत, अन् चोरावं लागलं मला." मग म्हणाले, "बावीस वर्षांत गावाला भ्यालो, भावाला भ्यालो, पण तो माझा न्हाई असं कुणाला म्हनलो न्हवतो. ते आज सही करून दिलं."

मास्तर वाचले. आता दुकानातही बसतात, तिखट बंद आहे, तेवढी एक कुरकुर. कोणाचं रक्त चढलं म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा काकांनी सांगितलं, एक माणूस होता. फॉर्मवर काय लिहिलं ते मास्तरांना अजून माहीत नाही.

या वर्षीच्या शिबिरात मी झेरॉक्स काढले नाहीत, ज्याचा फॉर्म त्याने वाचून भरला. पिशव्या निम्म्यावर आल्या आणि साहेबांनी मला झापलं. त्याने मला फार बरं वाटलं अशातला भाग नाही.

मागच्या आठवड्याची गोष्ट सांगतो आणि थांबतो. जेवणाच्या सुट्टीनंतर काका जुन्या फायलींवर माझी सही घ्यायला आले होते. तेवढ्यात मला एका रक्तकेंद्रातून फोन आला. आळंदीकडच्या एका रुग्णालयात बाळंतीण होती, रक्तस्राव थांबत नव्हता, बी-निगेटिव्ह. तुमच्या कंपनीत कोणी आहे का? बाकीचे दोघं बी-निगेटिव्ह आता कंपनी सोडून गेले होते. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. काकांनी ऐकलं. ऐकता ऐकता त्यांनी फायली टेबलावर ठेवल्या आणि शर्टाची बाही वर केली. इतक्या वर्षांची सवय. मग त्यांचा हात थांबला.

"दोन मिनिटांत कळवतो," असं सांगून मी फोन ठेवला. "काका, गाडी काढतो."

"विचारत्याल तिथं."

"एक खूण तर करायची. त्या दिवशी केलीच ना?"

"त्या दिवशी त्याचा जीव चालला व्हता, म्हणून त्याला न्हाई म्हनलो," काका म्हणाले. "आता दर तीन महिन्याला न्हाई म्हनू? अन् घरी जाऊन त्याच्याच हातचं जेवू?"

"ती बाई मरेल काका."

"मला ठावं हाय ते!" ते ओरडले. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदाच ऐकलं. "मला काय सांगतोस? त्यांना सांग. मी हितं उभा हाय. मी कधी नगं म्हनलो? तपासा म्हनावं. हजार बारी तपासा. पर मला जसा हाय तसा घ्या."

मी फोन लावला. पलीकडची मुलगी घाईत होती. तिच्या मागे कोणीतरी रडत होतं.

"सर, मिळालं का? आमच्याकडे तुमच्या कंपनीची जुनी यादी आहे, त्यात एक बी-निगेटिव्ह दिसतोय."

"आहे," मी म्हणालो. "माझ्यासमोर उभे आहेत. धडधाकट आहेत. यायला तयार आहेत. पुरुषाबरोबर राहतात आणि ते फॉर्मवर तसंच लिहिणार आहेत. घेता का?"

मागचं रडणं मला ऐकू येत होतं, काकांनाही येत होतं.

मग तिने विचारलं, "दुसरं कोणी नाही का, सर?"